भोंगा वाजतो का, हे न वाजवता कसं कळतं?

दादाकडे अमेरिकेत गेलो त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला भोंगा वाजला. आधी लांबून आला, मग जवळून, मग चहूबाजूंनी. एकच सपाट, न थांबणारा सूर. हातातला कप तसाच ठेवून मी दाराकडे धावलो. वहिनी ओट्याशी उभ्या राहून पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरत होत्या. त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

"बसा हो भावोजी. पहिला मंगळवार आहे."

इलिनॉय राज्यात महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहा वाजता धोक्याच्या भोंग्यांची चाचणी होते, हे मला तेव्हा कळलं. दादाचं गाव मिनूका. तिथून सात-आठ किलोमीटरवर, डे प्लेन आणि कँककी या दोन नद्यांच्या संगमाजवळ ड्रेस्डेनचा अणुवीज प्रकल्प आहे. तिथली पहिली अणुभट्टी १९६० सालची. ती केव्हाच बंद झाली, पण दुसरी आणि तिसरी अजून वीज देतात. त्या भागात वावटळींचीही (टोर्नेडोंची) भीती असते, म्हणजे भोंग्याला तिथे कामं दोन.

माझे आजोबा सोलापूरला गिरणीत होते. आमच्या घरात भोंगा म्हणजे घड्याळ. पहिला भोंगा झाला की चूल, दुसरा झाला की डबा. तो भोंगा रोज वाजायचा, म्हणून त्याची तब्येत कुणी वेगळी तपासायला जात नसे. एक दिवस बसका आवाज आला तर अख्ख्या गिरणगावाला कळायचं. अणुवीज प्रकल्पाभोवतालच्या भोंग्याचं गणित नेमकं उलटं आहे. त्यानं खऱ्या कामासाठी कधीच वाजू नये अशी सगळ्यांची इच्छा असते, आणि एकदा वाजायची वेळ आली तर मात्र त्यानं पहिल्या झटक्यात वाजायला हवं. माळ्यावर टाकलेली छत्री जूनमध्ये काढावी आणि दोन काड्या मोडलेल्या निघाव्यात, तसं इथे चालत नाही. मग वर्षानुवर्षं गप्प बसलेलं यंत्र आतून शाबूत आहे हे कसं ठरवायचं? आणि तेही आजूबाजूच्या लाखभर लोकांची झोप न मोडता?

एका पहाटेनंतर

ही सगळी यंत्रणा उभी राहण्यामागे एक तारीख आहे: २८ मार्च १९७९. पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड प्रकल्पात पहाटे चारच्या सुमारास बिघाड झाला आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. बाहेर पडलेला किरणोत्सर्ग फार नव्हता, पण माहितीचा गोंधळ अफाट होता. दोन दिवसांनी गव्हर्नर रिचर्ड थॉर्नबर्ग यांनी पाच मैलांच्या आतल्या गर्भवती स्त्रिया आणि लहान मुलांनी बाहेर जावं असा सल्ला दिला. प्रत्यक्षात सुमारे १ लाख ४० हजार लोक गाड्या काढून निघून गेले. कोणी काय ऐकलं, कोणाकडून ऐकलं, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, याचा कुणालाच पत्ता नव्हता.

त्याच्या काही महिने आधी, १९७८ च्या अखेरीस, अमेरिकी तज्ज्ञांच्या एका अहवालानं असं सुचवलं होतं की अणुवीज प्रकल्पाभोवती दहा मैलांचं, म्हणजे सुमारे सोळा किलोमीटरचं वर्तुळ आखावं आणि त्यातल्या लोकांसाठी आधीपासून तयारी ठेवावी. अपघातानंतर १९८० मध्ये त्याचे नियम झाले. त्यातला एक आकडा भोंग्यांच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा: पंधरा मिनिटं. लोकांना सावध करायचं असं एकदा ठरलं की साधारण पंधरा मिनिटांत दहा मैलांच्या वर्तुळातल्या जवळजवळ प्रत्येकापर्यंत इशारा पोहोचला पाहिजे. १९८० मध्ये मोबाइल नव्हता. रात्री टीव्ही बंद. शेतावरचा माणूस रेडिओ खिशात घेऊन फिरत नाही. अशा वेळी पंधरा मिनिटांत सगळ्यांपर्यंत पोहोचणारी वस्तू एकच होती, खांबावर चढवलेला भोंगा.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो, कारण मलाही तो होता. भोंगा वाजला म्हणजे पळा, असा त्याचा अर्थ नाही. भोंग्याचं म्हणणं इतकंच, की घरात जा आणि रेडिओ किंवा टीव्ही लावा. पुढे काय करायचं, दारंखिडक्या बंद करून बसायचं की कुठल्या रस्त्यानं बाहेर पडायचं, ते तिथे सांगतात. थोडक्यात तो दवंडीवाल्याचा ढोल आहे, दवंडी नाही.

भोंग्याचं बटण साधारणपणे प्रकल्पवाले दाबत नाहीत, ही दुसरी गंमत. भोंगे विकत घेणं, उभारणं, दुरुस्त करणं हा खर्च वीज कंपनीचा. आणीबाणी जाहीर केल्यावर पंधरा मिनिटांत राज्य आणि काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, अधिकाऱ्यांना कळवणं ही जबाबदारीही तिचीच. भोंगा वाजवायचा की नाही हा निर्णय मात्र स्थानिक प्रशासनाचा, आणि बटण असतं बहुधा शेरीफच्या किंवा पोलिसांच्या नियंत्रण कक्षात. एकाचं यंत्र, दुसऱ्याचा हात. त्यामुळे तपासताना यंत्र चालतं का एवढं बघून भागत नाही. त्या हातापासून यंत्रापर्यंतची तारही तपासावी लागते. इथे 'तार' म्हणजे बहुतेक ठिकाणी रेडिओलहरी.

काळी पाच

आता भोंगा आतून कसा असतो ते पाहू. जुन्या पद्धतीच्या भोंग्यात मोटर आणि तिच्यावर एक फिरकी असते. फिरकीच्या कडेला खिडक्या. तिच्याभोवती तशाच खिडक्या असलेलं एक स्थिर कडं. फिरकी हवा आत ओढते आणि कडेनं बाहेर फेकते. खिडकीसमोर खिडकी आली की हवा सुटते, भिंत आली की अडते. हवेचे असे भराभर तुकडे पडतात, तोच आवाज. समजा आठ खिडक्या आहेत आणि मोटर मिनिटाला ३,४५० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला साडेसत्तावन्न फेरे, गुणिले आठ, ४६० तुकडे. पेटीवर बोट ठेवून पाहिलंत तर हा सूर काळी पाचच्या अगदी जवळ येतो.

सूर याच पट्टीत का? फार वरचा सूर हवेतच लवकर विरतो आणि झाडापानांत अडकतो. फार खालचा सूर लांब जातो, पण तो दणकून काढायला कर्णा अवाढव्य लागतो, आणि माणसाचा कान खर्जाला तितका तिखट नसतो. मधला मार्ग म्हणून बहुतेक भोंगे काही शे ते हजारभर कंपनांच्या आसपास बोलतात. दुसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक: फिरकी नाही, ॲम्प्लिफायर आणि एकावर एक रचलेले स्पीकर. त्यातून सूरही निघतो आणि माणसाचा आवाजही.

आवाज किती मोठा हवा, याचंही माप आहे. दाट वस्तीत, म्हणजे चौरस मैलाला दोन हजारांहून जास्त माणसं असतील तिथे ७० डेसिबल, विरळ वस्तीत ६०. किंवा मग तिथल्या नेहमीच्या गलक्याच्या वर १० डेसिबल. एक दणकट भोंगा तीस मीटरवर १२५ डेसिबलच्या आसपास ओरडतो. मोकळ्या आकाशात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो असं भौतिकशास्त्र सांगतं. पण घरं, झाडं, चढउतार यांच्यात आराखडा करताना फेमा, म्हणजे अमेरिकेची आपत्ती निवारण यंत्रणा, दर दुपटीला १० डेसिबल धरते. करून बघा. ६० मीटरवर ११५, १२० मीटरवर १०५, २४० वर ९५, ४८० वर ८५, ९६० वर ७५, आणि दोन किलोमीटरच्या अलीकडेच ६५. म्हणजे दाट वस्तीत एका भोंग्याची सत्ता जेमतेम दीड किलोमीटरपर्यंत. दहा मैलांचं वर्तुळ आठशे चौरस किलोमीटरच्या वर भरतं. म्हणूनच एकेका प्रकल्पाभोवती शंभर, दीडशे भोंगे उभे असतात. कॅलिफोर्नियातल्या डायब्लो कॅनियनभोवती १३१ आहेत, आणि तिथे निम्मं वर्तुळ तर समुद्रातच आहे.

हवाही खेळ करते. दुपारी जमीन तापलेली असते, तेव्हा आवाज वर वळतो आणि दूरच्या माणसाच्या डोक्यावरून निघून जातो. थंड, शांत रात्री तोच आवाज खाली वाकतो आणि कुठच्या कुठे ऐकू जातो. रात्री लांबच्या आगगाडीची शिट्टी कशी स्पष्ट येते, तेच. बर्फ पडला की तो आवाज पिऊन टाकतो. आणि हे भोंगे मुळात घराबाहेरच्या माणसांसाठी आहेत. थंडीत दुहेरी काचा लावून, हीटर चालू करून झोपलेल्या माणसाला जाग येईलच याची खात्री कोणी देत नाही. वर्तुळातल्या काही आडबाजूच्या घरांना म्हणूनच इशारा आला की आपोआप चालू होणारे छोटे रेडिओ देऊन ठेवतात.

मुकी चाचणी, गुरगुर आणि तीन मिनिटं

आता मूळ प्रश्नाकडे. फेमाच्या मार्गदर्शनात तीन प्रकारच्या चाचण्या आहेत आणि त्यांची वाटणी मला फार शहाणपणाची वाटते.

पहिली मुकी. साधारण दर पंधरवड्याला. नियंत्रण कक्षातून रेडिओवरून संदेश सुटतो. प्रत्येक खांबावरच्या पेटीत रेडिओ असतो, तो संदेश ओळखतो, उत्तर देतो: मी आहे, वीज आहे, बॅटरी अमुक व्होल्टला आहे, पेटीचं दार बंद आहे. भोंगा हूं की चूं करत नाही. शाळेतल्या हजेरीसारखं. पण हजेरीला 'उपस्थित' म्हणणाऱ्या मुलाला पाढे येतात की नाही हे कळत नाही, तसंच इथेही. रेडिओ जिवंत आहे याचा अर्थ मोटर फिरेल असा नाही.

म्हणून दुसरी, गुरगुरीची. तिमाहीतून एकदा. इंग्रजीतही तिचं नाव 'ग्राउल टेस्ट'च आहे, म्हणजे कुत्र्याची गुरगुर. मोटरला क्षणभर वीज देतात आणि लगेच तोडतात. फिरकी जेमतेम हलते, खर्जात एक 'गुर्रर्र' उमटते आणि विरून जाते. खांबाखाली उभ्या माणसाला ऐकू येते, गल्लीच्या टोकाला नाही. तेवढ्यात कळायचं ते कळतं: मोटरनं किती करंट ओढला, फिरकी मोकळी आहे की जाम झाली आहे. इलेक्ट्रॉनिक भोंग्याला गुरगुरता येत नाही. त्यातल्या काही बनावटींत माणसाच्या कानापलीकडचा, सेकंदाला वीस हजार कंपनांच्या आसपासचा सूर स्पीकरमधून सोडतात आणि ॲम्प्लिफायर ठीक आहे ना ते मोजतात. आपण खाली उभे असतो, वर भोंगा कोकलत असतो, आणि आपल्याला पत्ता नसतो. शेजारच्या कुत्र्याला मात्र असेल.

तिसरी पूर्ण. वर्षातून निदान एकदा, आधी जाहीर करून, तीन मिनिटं किंवा जास्त. हीच एक अशी चाचणी जिच्यात यंत्राबरोबर माणसांचीही परीक्षा होते. फेमानं अशा वेळी वर्तुळातल्या घरांना फोन करकरून विचारलेलं आहे: ऐकू आला का? कशाचा वाटला? कागदावर सत्तर डेसिबलचं वर्तुळ कितीही सुबक आखा, खोलगट भागातल्या एखाद्या घरातली आजी "नाही बाई, काहीच नाही ऐकलं" म्हणाली की तिचंच खरं.

रोज वाजवलं तर यंत्र उत्तम राहील, पण महिन्याभरात लोक मान वळवायचे थांबतील. कधीच वाजवलं नाही तर पहिल्यांदा वाजेल तेव्हा हे काय आहे तेच कळणार नाही. मुकी आणि गुरगुर हा या दोहोंमधून काढलेला मार्ग आहे. यंत्राला वारंवार विचारा, माणसांना क्वचित. वहिनींकडे पाहिलं तर महिन्यातून एकदाही जरा जास्तच होतं की काय अशी शंका येते. पण त्यांना वार आणि वेळ तोंडपाठ आहे. तोच भोंगा गुरुवारी दुपारी तीनला वाजला असता तर कोथिंबीर तिथेच राहिली असती.

खांबावरचा संसार

एका संध्याकाळी दादाबरोबर फिरायला गेलो तेव्हा मक्याच्या शेताच्या कडेला एक गाडी उभी दिसली, पाळणा असलेली, रस्त्यावरच्या दिव्यांना वापरतात तशी. खांबाच्या अंगावरची पेटी उघडलेली. आत खालच्या फळीवर चार बॅटऱ्या, ट्रकला असतात तेवढ्या. बारा-बारा व्होल्टच्या चार म्हणजे अठ्ठेचाळीस. वर चार्जर, रेडिओ, रिले. कोपऱ्यात गांधीलमाशांचं रिकामं पोळं, मुठीएवढं. काम करणाऱ्या माणसानं ते हातमोज्यानं सहज काढून खाली टाकलं, जसं आपण मीटरच्या पेटीतलं कोळ्याचं जाळं काढतो. दादानं विचारलं तेव्हा तो हसून म्हणाला, उन्हाळ्यात पहिली थाप पेटीवर मारायची, मग दार उघडायचं.

भोंगे बिघडतात ते असल्याच कारणांनी. त्यात अणुशास्त्र काही नाही. कर्ण्यात पक्षी घरटं करतात. फिरकीत बर्फ धरतो, म्हणून थंड प्रदेशात आत हीटर बसवतात. गोल फिरत ओरडणाऱ्या भोंग्याचे गिअर आणि वीज पोहोचवणाऱ्या कड्या झिजतात. वीज कोसळून चार्जर जळतो. समुद्राकाठी गंज. एखादी गाडी खांबावर आपटते. गेल्या पाच वर्षांत वाढलेलं झाड कर्ण्यासमोर येतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण आठवड्याला अर्धा इंच सरकणारी फांदी ही काही बातमी नसते. पण माझ्या मते सगळ्यात कपटी दुखणं बॅटरीचं. म्हातारी बॅटरी मीटरला पूर्ण व्होल्ट दाखवते आणि मोटरचा भार पडला की बसते. आपल्याकडचा इन्व्हर्टर नाही का, दिवा हिरवा असतो आणि लाइट गेल्यावर दहा मिनिटांत डोळे मिटतो. म्हणून नुसते व्होल्ट बघून भागत नाही, भार देऊन बघावं लागतं आणि काही वर्षांनी चांगली दिसणारी बॅटरीसुद्धा बदलावी लागते. थंडीत तिचा जोर आणखी उतरतो, आणि इलिनॉयचा जानेवारी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

या सगळ्याचा हिशेब नियामकाकडे जात आला आहे. अमेरिकेचा अणु नियामक आयोग, एनआरसी, अनेक वर्षं प्रत्येक प्रकल्पाचा एक आकडा पाहत असे: गेल्या चार तिमाह्यांत भोंग्यांच्या जेवढ्या चाचण्या झाल्या त्यांपैकी किती टक्के यशस्वी. ९४ टक्के किंवा वर असेल तर हिरवा. त्याखाली गेला तर पांढरा, आणि नियामकाची नजर वाढायची. ९० च्या खाली पिवळा.

हा आकडा मला पुरता पटत नाही. शंभर भोंगे आहेत, पंधरवड्याची चाचणी वर्षात सव्वीस वेळा. एकूण २,६०० चाचण्या. त्यातला एक भोंगा वर्षभर ठार मेलेला राहिला तरी नापास फक्त २६, म्हणजे एक टक्का. कागदावर ९९ टक्के, रंग हिरवागार. १५६ वेळा नापास होईपर्यंत हिरवा टिकतो. आता, प्रत्यक्षात असं कोणी सोडून देत नाही. प्रत्येक बिघाडाची वेगळी नोंद होते, दुरुस्ती होते, शेजारच्या भोंग्याचं वर्तुळही थोडं त्यावर चढलेलं असतं. तरी टक्केवारी ही सगळ्या भोंग्यांची मिळून असते आणि माणूस राहतो एकाच भोंग्याखाली.

वीज गेली तेव्हा

या क्षेत्रातली सगळ्यात शिकवणारी गोष्ट न्यूयॉर्कजवळची आहे. हडसन नदीच्या काठी, बुकॅनन गावात, इंडियन पॉइंट नावाचा प्रकल्प होता. मॅनहॅटनपासून साठेक किलोमीटर. चार काउंट्यांमध्ये मिळून १५६ भोंगे. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात ती प्रसिद्ध वीजगुल झाली, कोट्यवधी लोक अंधारात गेले. आणि इंडियन पॉइंटच्या भोंग्यांना बॅटरीच नव्हती. ते रस्त्यावरच्या विजेवर चालायचे. म्हणजे वीज गेल्यामुळे काही विपरीत घडलं असतं, तर ते सांगणाराही त्याच विजेवर अवलंबून!

२००५ मध्ये अमेरिकी संसदेनं ऊर्जा कायद्यात एक कलम घातलं: ज्या प्रकल्पाच्या पन्नास मैलांत दीड कोटींहून जास्त लोक राहतात, तिथल्या भोंग्यांना पर्यायी वीज हवी. त्या वर्णनात बसणारा प्रकल्प देशात एकच होता. नाव न घेता नाव घेणं म्हणजे काय, ते यावरून शिकावं. नवी यंत्रणा जानेवारी २००७ च्या अखेरीस तयार व्हायची होती. झाली नाही. मुदत वाढवून मिळाली, तीही टळली. एनआरसीनं १ लाख ३० हजार डॉलर दंड केला. पुढची मुदतही गेली, तेव्हा साडेसहा लाख डॉलर. शेवटी ऑगस्ट २००८ मध्ये १७२ नवे भोंगे सुरू झाले. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, खांबावर बॅटरी बसवायला एवढं काय? पण नवा भोंगा म्हणजे नवा रेडिओ, नवी पेटी, नवा खांब, त्याची स्थानिक परवानगी, हडसनच्या डोंगराळ खोऱ्यात प्रत्येक खांबापर्यंत लहर पोहोचते का याची खात्री, आणि वर आवाजाचा नकाशा पहिल्यापासून. घरात एक नळ बदलायला जावं आणि भिंत फोडावी लागावी, अगदी तसं. तो प्रकल्प ३० एप्रिल २०२१ ला कायमचा बंद झाला.

न वाजण्याइतकंच भलत्या वेळी वाजणंही वाईट. ७ एप्रिल २०१७ च्या रात्री पावणेबाराच्या सुमारास टेक्सासमधल्या डॅलस शहराचे सगळे १५६ भोंगे एकदम सुरू झाले. ते वावटळीचे भोंगे, अणुप्रकल्पाचे नव्हेत, पण घराणं तेच. कुणीतरी रेडिओवरचा चालू करण्याचा इशारा हुबेहूब वाजवला आणि भोंग्यांनी तो मालकाचा समजून मानला. लोकांनी आणीबाणीच्या फोनवर हजारो कॉल केले. तेव्हापासून 'भोंगा आज्ञा ऐकतो का' याच्या जोडीला 'कुणाची ऐकतो' हा प्रश्नही देखभालीच्या यादीत आला. आज्ञा कुलूपबंद करून पाठवणं, म्हणजे सांकेतिक करणं, ही आता चैन राहिलेली नाही.

भोंगा जाऊन मोबाइल आला की हे सगळं सुटेल, असं वाटणाऱ्यांनी कॅनडाकडे पाहावं. १२ जानेवारी २०२०, रविवार, सकाळी साडेसातच्या आत ऑन्टारियो प्रांतातल्या लोकांचे फोन किंचाळले: पिकरिंग अणुवीज केंद्रात घटना घडली आहे. घडलं काहीच नव्हतं. पाळी बदलताना रोजची चाचणी करायची होती, ती सरावाच्या जागी खऱ्या यंत्रणेवर झाली. चूक झाल्याचा संदेश फोनवर पोहोचायला १०८ मिनिटं लागली. चाचणीमुळेच खोटा इशारा गेला, याला काय म्हणावं! तरीही वारं मोबाइलच्याच दिशेनं आहे. फोन घरातल्या, झोपलेल्या माणसापर्यंत पोहोचतो आणि ढोलाबरोबर दवंडीही देतो. अमेरिकेत काही प्रकल्पांनी भोंगे उतरवून फोनच्या इशाऱ्याला मुख्य साधन केलंय. पर्याय म्हणून पोलिसांच्या किंवा अग्निशमनाच्या गाड्या कर्णे लावून गल्लोगल्ली फिरवण्याची योजना मात्र ठेवावीच लागते.

आपल्याकडे तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. भारतातही नियोजनाचं वर्तुळ सोळा किलोमीटरचंच आखत आले आहेत, आणि प्रकल्पाच्या कुंपणाबाहेरच्या आणीबाणीची सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती असतात. बाहेरच्या भागाचा सराव साधारण दोन वर्षांतून एकदा होतो. २०२३ मध्ये आपले फोन अचानक कर्कश्श ओरडले होते ते आठवत असेल, ती सरकारची तशीच चाचणी होती. आणि ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, त्यात मुंबई आणि उरणबरोबर तारापूरचंही नाव होतं. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर त्या दिवशी दिवसभर एकच प्रश्न फिरत होता: "तुमच्याकडे वाजला का?"

मिनूकातल्या माझ्या शेवटच्या दिवशी वहिनींच्या फ्रिजवरचं कॅलेंडर नीट पाहिलं. प्रकल्पाच्या वर्तुळातल्या घरांना दरवर्षी माहितीपत्रक किंवा असं कॅलेंडर येतं. प्रत्येक पहिल्या मंगळवारावर खूण, खाली रेडिओ स्टेशनची यादी, मागे बाहेर पडायच्या रस्त्यांचा नकाशा.

"वहिनी, आणि खरंच वाजला तर?"

"मग रेडिओ लावायचा. आहे ना आपल्याकडे, गॅरेजमध्ये." त्या जाऊन खोक्यातून रेडिओ घेऊन आल्या. मागचं झाकण उघडलं. चारही सेल गळून हिरवट पांढरे झाले होते, स्प्रिंग गंजलेली.

दादानं सोफ्यावरूनच आवाज दिला, "अगं, गाडीत आहे की रेडिओ."

वहिनी रेडिओकडे बघत राहिल्या. मग कॅलेंडरवरच्या पुढच्या मंगळवाराखाली त्यांनी पेननं लिहिलं: सेल आणणे, चार, जाडे.